मुंबईत कोंबड्या पाळायच्या? कोंबडी सगळ्यात शेवटी आणा

मुंबईत कोंबड्या पाळायचं मनात आलं की लोक आधी पिंजऱ्याची चौकशी करतात, मग पिल्लं आणतात, आणि पहिली कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली की डॉक्टर शोधायला निघतात. गावाला हा उलटा क्रम खपून जातो. तिथे शेजारच्या घरात आयुष्यभर कोंबड्या सांभाळलेली कोणीतरी आजी असते, विष्ठा परसातल्या उकिरड्यावर जाते आणि पहाटे कोंबडा आरवला म्हणून कोणी लेखी तक्रार करत नाही. मुंबईत यातलं काहीच आयतं मिळत नाही. म्हणून इथे तीन माणसं आधी जोडायची: पक्ष्यांना हात लावणारा डॉक्टर, खत घेऊन जाणारा बागवाला आणि होकार देणारा शेजारी. ही तिघं जमली की कोंबड्या आणणं एका सकाळचं काम आहे.

हे सगळं घरच्या अंड्यांसाठी चार-पाच, फार तर दहा कोंबड्या पाळू पाहणाऱ्यांसाठी लिहिलंय. धंदा करायचा असेल तर मुंबईबाहेर जागा बघा. त्याचं गणित, परवाने आणि कर्ज हा वेगळा विषय आहे.

तुमच्या जागेत जमेल का?

गोराई, मनोरी, मढ, वेसावे, आरेतले पाडे, जुनी गावठाणं, वसईच्या वाड्या इथे कोंबड्या आजही अंगणात फिरतात. घराला स्वतःचं अंगण, बंगल्यामागची मोकळी जागा किंवा एकाच कुटुंबाच्या मालकीची गच्ची असेल तर विचार करायला हरकत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र कोंबड्या ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या मजल्यावर पिसं आणि वास जातो, पक्ष्यांना माती उकरायला मिळत नाही, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत तुमच्या नावाचा विषय पत्रिकेवर येतो. हौस असेलच तर एखाद्या सामुदायिक शेतावर आठवड्यातून एक सकाळ हात लावायला जा. तो मार्ग जास्त आनंदाचा आहे, आणि त्याबद्दल पुढे येईलच.

गच्ची असेल तर दोन गोष्टी तपासा: दुपारी सावली कुठे पडते आणि धुतलेलं पाणी कुठे जातं. सोसायटीची सामाईक गच्ची असेल तर समितीची लेखी परवानगी घ्या, भाड्याने राहत असाल तर घरमालकाचीही. शहरात प्राणी पाळताना आजूबाजूच्यांना उपद्रव होता कामा नये, हे मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच आहे. आपल्या विभाग कार्यालयात आरोग्य खात्याकडे एकदा विचारून ठेवा. तक्रार आल्यावर जाण्यापेक्षा आधी जाऊन आलेलं बरं.

शेजाऱ्याशी बोलायला रिकाम्या हाताने जाऊ नका, पण अंडी देण्याचं वचनही लगेच देऊन बसू नका. त्याचा हिशेब पुढे दिलाय. कोंबडा ठेवणार नाही एवढं मात्र आधीच सांगा. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो असला तरच अंड्यातून पिल्लं निघतात, नसला तरी अंडी येतात. हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि नुसतं एवढं कळलं तरी निम्मा विरोध मावळतो.

बघायला जा, पण नीट जा

पुस्तकात वाचून खुराडं बांधण्याआधी दोन-तीन चालती खुराडी आणि दोन-तीन चालत्या शहरी बागा बघा. खुराडी बघायची ती काय चुकतं ते कळावं म्हणून, आणि बागा बघायच्या त्या खत घेणारा माणूस सापडावा म्हणून.

सुरुवात बोरिवलीहून किंवा मालाडच्या मार्वेहून बोटीने खाडी ओलांडून करा. गोराई-मनोरीच्या गावठाणात ईस्ट इंडियन आणि कोळी घरांच्या मागे अजून खुराडी दिसतात. ओळखीतून जा, कोणाच्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका. एखादी मावशी बोलायला तयार झाली तर तिला जातीबद्दल किंवा खाद्याबद्दल विचारण्याआधी हे विचारा: ‘पावसात कुठे कोंडता? रात्री काय येतं? शेवटची कोंबडी कशाने गेली?’ या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या जागेची सगळी शाळा असते. धोका कोणाचा तेही तिथेच कळतं: घूस, मुंगूस, मांजर, धामण, आणि आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या काठाला असाल तर बिबट्याही.

गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे, पश्चिम विभागाची. देशात अशा मोजक्या संस्था आहेत (बाकीच्या चंदीगड, भुवनेश्वर आणि बंगळूरू परिसरात), आणि त्यातली एक आपल्या दारात असूनही मुंबईकराला तिचा पत्ता नसतो. सुधारित जातींची पिल्लं, उबवणीची अंडी आणि कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण ही तिची कामं. सहल म्हणून मात्र तिथे जाता येत नाही. रोगाच्या भीतीने पक्ष्यांच्या शेडपर्यंत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधी फोन करा, प्रशिक्षण कधी आहे आणि पिल्लांची नोंदणी कशी करायची ते विचारा.

मुंबईबाहेर पडायची तयारी असेल तर नेरळची सगुणा बाग बघा. शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची ही बाग राज्यातल्या सर्वात जुन्या कृषी पर्यटन केंद्रांपैकी एक आहे. मुलांना घेऊन जायला चांगली, आणि शेतीत जनावरं, मासे, झाडं एकमेकांच्या उपयोगी कशी येतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं. पश्चिम रेल्वेवाल्यांना डहाणूजवळचं कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र सोयीचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे आपल्याला ठाऊक असलेली ती टेकडी. रायगडचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला नावाच्या गावात आहे. या केंद्रांत परसातल्या कुक्कुटपालनाची लहान प्रशिक्षणं होतात आणि तिथली भाषा आपली असते. व्यापारी पातळीवर शिकायचं असेल तर पुण्याजवळ उरुळी कांचनला डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची कुक्कुट व्यवस्थापनाची संस्था आहे, पण पाच कोंबड्यांसाठी तिथवर जायचं कारण नाही.

आता बागा. मुंबईतल्या शहरी शेतीचं नाव निघालं की मुंबई बंदराच्या उपाहारगृहाची गच्ची आठवते. तिथे खानपान विभागातल्या प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा मातीत जिरवून भाज्या आणि फळझाडं उभी केली, आणि पुढे अर्बन लीव्हज या गटातून ते काम शहरात पसरवलं. बंदराची हद्द असल्याने तिथे वाट वाकडी करून डोकावता येत नाही. अशा गटांच्या कार्यशाळांना आणि श्रमदानाला नाव नोंदवून जायचं. त्याआधीच्या पिढीत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून त्यावर भाजी काढायची पद्धत मुंबईकरांना शिकवली. हे चिपाड लक्षात ठेवा, खताच्या वेळी रसवंतीवाल्याकडे जायचंय.

धारावीलगत मिठीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, कचऱ्याच्या जुन्या भूमीवर उभं राहिलेलं आणि १९९४ साली लोकांना खुलं झालेलं. तिथे कोंबड्या नाहीत, पण टाकाऊतून माती कशी होते याचा याहून मोठा दाखला मुंबईत नाही. आणि हिवाळ्याच्या शेवटी राणीच्या बागेत महापालिकेचं झाडं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं, ते चुकवू नका. गच्चीवर वांगी-टोमॅटो लावणारे अर्ध्या मुंबईतले लोक तिथे एका मांडवाखाली भेटतात. त्यांच्यातल्या दोघांचे फोन नंबर घेतले तरी तुमच्या खताची सोय झाली. रेल्वे रुळांच्या कडेच्या पालक-माठाच्या वाफ्यांचं कुतूहल असेल तर ते गाडीच्या खिडकीतूनच भागवा.

भेटीच्या शिस्तीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवखे लोक इथेच घोटाळा करतात. कोंबड्यांचे बहुतेक साथीचे रोग माणसाच्या बुटांवरून, कपड्यांवरून, हातातल्या पिशवीवरून आणि अंड्यांच्या जुन्या ट्रेमधून फिरतात. एका दिवसात दोन ठिकाणच्या कोंबड्या बघू नका. सकाळी चिकनच्या दुकानात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षी-बाजारात गेला असाल तर त्याच चपलांनी कोणाच्या खुराड्यात जाऊ नका. धुता येणारी रबरी चप्पल किंवा गमबूट घाला, आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर तळवे जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा, हात साबणाने धुवा. यजमानांनी सांगितल्याशिवाय पक्षी उचलू नका, खाऊ घालू नका. मुलांना आधीच बजावून ठेवा की पिल्लाला गालाशी धरायचं नाही. पुढे तुमच्याकडे कोंबड्या आल्या की हेच नियम तुमच्या पाहुण्यांना लावा. तेव्हा ‘एवढं काय त्यात’ असं म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांना लांबूनच दाखवा.

डॉक्टर आणि लस

मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण कोंबडी तपासणारे थोडे. आपल्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून ‘कोंबड्या बघता का?’ असं सरळ विचारा. मोठा आधार परळचा. तिथे १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि लागूनच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला गिरणगाव अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतं. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

लसींचं नेहमीचं वेळापत्रक असं: मरेक्स या रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचलेली असते. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतसाठी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची लस, आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी. लस न दिलेल्या कळपात ती शिरली की बघता बघता खुराडं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी शंभर मात्रा फोडणं जिवावर येतं म्हणून लोक लसच टाळतात. त्यापेक्षा आसपासच्या कोंबडीवाल्यांनी मिळून एकच दिवस ठरवा. लस दुकानातून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमधून आणायची, २ ते ८ अंशांत ठेवायची. पिण्याच्या पाण्यातून द्यायची झाली तर महापालिकेच्या नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यातल्या क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणूच मरतो. पाणी रात्रभर उघडं ठेवा आणि लिटरला चमचाभर साय काढलेल्या दुधाची भुकटी घाला. थोड्या पक्ष्यांना डोळ्यात थेंब घालणं मात्र सगळ्यात खात्रीचं.

खुराडं

दर कोंबडीमागे आत किमान दोन चौरस फूट, बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांधा, म्हणजे पावसाचं पाणी खालून जातं आणि झाडायला सोपं पडतं. तोंड वाऱ्याच्या बाजूला ठेवू नका. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्या बाजूला भिंत किंवा ताडपत्रीचा पडदा हवा, आणि छपराचा पुढे आलेला भाग निदान दोन-अडीच फुटांचा.

जाळीत पैसे वाचवू नका. हिरवी प्लॅस्टिकची जाळी घूस एका रात्रीत कुरतडते. षटकोनी पातळ तारेची कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली जाड तारेची चौकोनी जाळी) घ्या आणि जमिनीवरचं खुराडं असेल तर ती फूटभर खोल गाडा. दाराला नुसती कडी नको, कडीत अडकवायला हूक किंवा कुलूप हवं. आत झोपायला दीड-दोन इंच जाडीची गोल दांडी, आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारी पेटी. भाजीचा जुना क्रेट आणि गोणपाट यावर भागतं.

खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा. तूस ठीक आहे की नाही ते बघायला मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर छान. लाडू राहिला तर ओल जास्त झालीय: उलटंपालटं करा, थोडा चुना मिसळा, गळणारं पाण्याचं भांडं शोधा. बहुतेक वेळा गुन्हेगार ते भांडंच असतं. डोळ्यांना चुरचुरणारा वास आला म्हणजे तुम्हाला कळायच्या आत शेजाऱ्याला कळलेलं असतं.

कोणत्या कोंबड्या, कुठून

नवख्याने एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. आठ-दहा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्या. ठाणे, पालघर, रायगडात पिल्लं वाढवून विकणारी मदर युनिटं आहेत, तिथे मिळतात. लसीची नोंद मागा; ‘सगळं दिलंय साहेब’ ही नोंद नव्हे.

गावरान कोंबडी काटक, पण वर्षाला साठ-ऐंशी अंड्यांच्या पुढे सहसा जात नाही आणि मध्येच खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. बंगळूरूत तयार झालेली गिरिराजा किंवा हैदराबादची वनराजा थोडी जड, शांत, कुंपणावरून उडून न जाणारी. गिरिराजा वर्षाला १३० ते १५० अंडी देते. ऱ्होड आयलंड रेड त्याहून जास्त. कडकनाथ काळ्या मांसाच्या कौतुकापायी महाग विकला जातो, पण अंडी बेताची. हौस म्हणून एखादी ठेवा, अंड्यांच्या आशेने नको. आता तो शेजाऱ्याचा हिशेब: पाच गिरिराजा म्हणजे सरासरीने दिवसाला जेमतेम दोन अंडी, आणि तीही वीस-चोवीस आठवड्यांच्या झाल्यावर. पिसं बदलतात तेव्हा काही आठवडे एकही नाही.

सिग्नलवर आणि जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात, ती कधीही घेऊ नका. अंड्यांच्या धंद्याला नको असलेले ते नर असतात, लस नसते, ऊब मिळालेली नसते. बहुतेक काही दिवसांतच मरतात, आणि पोरांच्या रडण्याचं निमित्त होतात.

विकत घेताना पक्षी हातात घेऊन बघा. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला. डोळे लख्ख, पाणी नाही, नाकपुड्या कोरड्या. छातीच्या मधोमध हाड असतं, त्यावर बोट फिरवा. सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलेला आहे. शेपटीखालची पिसं फुंकर घालून बाजूला करा: पांढरी-हिरवी विष्ठा चिकटलेली नको, कातडीवर पळणारे किडे नकोत. मग पक्षी कानाशी धरून श्वास ऐका. घुरघुर आली तर तो पक्षीच काय, त्या पिंजऱ्यातला एकही पक्षी घेऊ नका. नेताना पाय बांधून उलटा लटकवू नका, तो कायद्याने गुन्हाही आहे. भोकं पाडलेल्या खोक्यात, सकाळच्या गारव्यात आणा.

पिल्लंच आणायची असतील तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्ब हवा, एलईडीला ऊब नसते. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट केला तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली तर उकडतंय, सगळीकडे पांगून दाणे टिपत असली तर तुम्ही झोपायला मोकळे.

खाणं-पाणी

तयार खाद्य वयाप्रमाणे मिळतं: पिल्लांना स्टार्टर, आठ आठवड्यांनंतर ग्रोअर, अंड्यावर आल्यावर लेअर मॅश. मोठी कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर खाते, म्हणजे पाच कोंबड्यांना महिन्याला अठरा-एकोणीस किलो. पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण ते संपायला अडीच महिन्यांच्या वर लागतात आणि मुंबईच्या दमट हवेत तेवढ्यात त्याला बुरशी धरते. बुरशीच्या विषाने कोंबड्यांचं यकृत जातं. पोतं दोघा-तिघांत वाटून घ्या किंवा सुटं आणा, आणि लोखंडी झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरातलं उरलेलं चालतं: भाजीचे देठ, शिळी भाकरी, भाताचा घास, कलिंगडाची साल. मात्र त्यावरच पोट भरायला ठेवलंत तर अंडी बंद. हिरवट बटाट्याची साल, कच्ची कडधान्यं, चॉकलेट, अव्होकाडो आणि वास आलेलं काहीही नको. कोळीवाड्यात सुकटीचा, जवळ्याचा तळाचा भुगा मिळतो आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात, पण त्यात मीठ फार असतं. आधी धुऊन, वाळवून, चिमटी-चिमटीने द्या. शिंपल्यांचा कूट वेगळ्या वाटीत ठेवा, टरफलाला कॅल्शियम मिळतं. जिला गरज असेल ती खाते. पाणी दर कोंबडीमागे पाव लिटर, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुप्पट. उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या की सावली, गार पाणी आणि ओलं गोणपाट, लगेच.

पावसाळ्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण असू शकते, ओल्या तुसातून होणारी. डॉक्टर पाण्यातून देण्याचं औषध सांगतील, पण तूस बदललं नाही तर ती परत येते.

खत

पाच कोंबड्यांची दिवसाची ओली विष्ठा साधारण अर्धा किलो. ती ताजी कुंडीत टाकली तर झाड जळतं. रसवंतीवरून चिपाड आणा, नसेल तर सुका पाला किंवा लाकडाचा भुसा घ्या, विष्ठेच्या दोन-तीन पट कोरडा माल थराथराने टाका, ओलं फडकं पिळून ठेवावं एवढाच ओलावा राखा आणि आठवड्याने चाळवा. दोन-अडीच महिन्यांत वास मातीचा येतो. पालेभाजी किंवा कोशिंबिरीच्या भाजीला घालायचं तर आणखी थांबा. विष्ठा टाकल्यापासून तीन-चार महिने जाऊ द्या, कारण तिच्यातून पोट बिघडवणारे जंतू पानांवर येतात. गच्चीवाल्यांना असं तयार खत हवंच असतं. प्रदर्शनात घेतलेले ते फोन नंबर आता काढा.

कोंबडी मेली तर

एखादी मेली तर हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा, बर्फात ठेवा (फ्रीजरमध्ये गोठवू नका) आणि डॉक्टरांना विचारून शवविच्छेदनाला न्या. कचऱ्याच्या डब्यात किंवा खाडीत टाकू नका. एकदम दोन-चार मेल्या, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर काहीही हलवू नका, पक्षी बाहेर काढू नका, १९६२ ला कळवा. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्याच राज्यातली, २००६ ची, नवापूरची. २०२१ च्या जानेवारीत मुंबईतही तो निघाला, आणि २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यात चिरनेरला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या टापूतले पाळीव पक्षी मारले जातात, त्यात घरच्या चार कोंबड्याही आल्या, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. त्यासाठी सरकार भरपाई देतं, पण लपवलेल्या पक्ष्यांची नव्हे. मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ली तर धोका राहत नाही.

आणि एक गोष्ट आणण्याआधीच घरात ठरवून टाका. दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होत जातात, कोंबडी मात्र आणखी काही वर्षं जगते. खायची असेल तर घरात कापू नका, परवानाधारक दुकानात न्या. खायची नसेल तर तिच्या म्हातारपणाचं खाद्य हिशेबात धरा. मुलांनी नाव ठेवलं की पहिला पर्याय आपोआप बाद होतो, हेही धरून चाला. आरेत किंवा राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडणं हा तिसरा पर्याय नाही. ती रात्रीत बिबट्याच्या किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाते, आणि आजारी असेल तर तिथल्या रानपक्ष्यांना रोग देऊन जाते.